लाइव्ह जॅझची गाजलेली रेकॉर्डिंग: कुठली प्रत घ्यावी आणि आपल्या हॉलमध्ये नीट कशी वाजवावी (ठाणे / नवी मुंबई)

पाचपाखाडीकर (धागाकर्ता)

साउंडच्या कुठल्याही दुकानात डेमोसाठी ठरलेल्या चार-पाच तबकड्या असतात आणि त्यातल्या एक-दोन हमखास लाइव्ह जॅझच्या. 'जॅझ ॲट द पॉनशॉप' तर असतेच असते. पुढची पायरीही ठरलेली: माणूस तीच तबकडी घरी लावतो, 'दुकानातल्यासारखं वाजत नाही' म्हणून इथे धागा काढतो आणि महिनाभर वायरी बदलत बसतो. वायरींचं सोडा. ही रेकॉर्डिंग मुळात खोलीची आहेत, वाद्यांइतकीच. ती आपल्या खोलीत वाजवली की दोन खोल्या एकमेकींवर चढतात आणि दहा फुटी हॉल जिंकतो. त्यामुळे इथे तीनच गोष्टींवर लिहूया: रेकॉर्डिंग कसं झालं, कुठली प्रत घ्यावी आणि हॉल कसा आवरावा.

सुरुवात पॉनशॉपपासून. ६ आणि ७ डिसेंबर १९७६, स्टॉकहोमच्या जुन्या गावातला 'स्टॅम्पेन' नावाचा छोटा क्लब. आर्ने डोम्नेरुस (आल्टो सॅक्स आणि क्लॅरिनेट), बेंग्ट हालबर्ग (पियानो), लार्स एरस्ट्रांड (व्हायब्राफोन), गेओर्ग रीडेल (बास), एगिल योहान्सेन (ड्रम्स). ध्वनिमुद्रक गेर्ट पाल्मक्रांट्स, कंपनी प्रोप्रियस. स्टेजसमोर नॉयमन यू-४७ची मुख्य जोडी, दोन्ही माइक जवळजवळ पण तोंडं बाहेरच्या बाजूंना वळवलेली. जागेवरच दोन ट्रॅकवर मिक्स, तोही डॉल्बी ए लावून. टेप रेकॉर्डर नाग्रा कंपनीचे, आणि तेही दोन. कारण साधं आहे. सात इंची रिळावर नेहमीच्या जाडीची टेप १२०० फूट बसते आणि सेकंदाला १५ इंच वेगाने ती १६ मिनिटांत संपते. एक रीळ संपायच्या आत दुसरं यंत्र चालू झालं नाही तर सोलो मध्येच तुटणार.

डॉल्बी ए टेपची सुरसुर साधारण १० डेसिबलने खाली आणतं, वरच्या टोकाला १५पर्यंत. ग्लासांची किणकिण, खुर्ची सरकल्याचा आवाज, मागच्या टेबलावरचं हसू हे सगळं सुरसुरीखाली गाडलं जात नाही ते त्यामुळे.

टेपवेडी (सीवूड्स)

चांगला धागा. एक भर घालते. 'दोन ट्रॅक' हे नुसतं कौतुकाने सांगितलं जातं, त्याचा अर्थ असा की नंतर काहीही दुरुस्त करता येत नाही. पियानो दबला तर दबला. म्हणून तोल माइक कुठे ठेवला यावर ठरतो आणि माइकची जागा खोलीवर. छोट्या क्लबात वाद्यं विना-स्पीकर ऐकू जातात. मोठ्या सभागृहात पीए सिस्टीमचा (श्रोत्यांसाठी लावलेल्या लाउडस्पीकरचा) आवाज स्टेजवरच्या माइकांत परत शिरतो आणि तेच वाद्य दोनदा, काही मिलिसेकंदांच्या फरकाने नोंदलं जातं. नाट्यगृहातल्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग बरेचदा लांबून आल्यासारखी का वाटतात, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

दुसरं मोठं नाव पियानोवादक बिल इव्हान्सच्या त्रिकुटाचं. २५ जून १९६१, रविवार, न्यूयॉर्कचं व्हिलेज व्हॅनगार्ड. स्कॉट लाफारो बासवर, पॉल मोशन ड्रम्सवर, निर्माता ऑरिन कीपन्यूज, ध्वनिमुद्रक डेव्ह जोन्स. एका दिवसात पाच बैठकी, त्यातून 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड' आणि 'वॉल्ट्झ फॉर डेबी' हे दोन अल्बम. लाफारो पुढे अकराच दिवसांनी अपघातात गेला. पहिल्या 'ग्लोरियाज स्टेप'च्या मध्येच वीज गेली आणि टेपमध्ये खड्डा पडला. तो तुटका टेक २००५च्या संपूर्ण संचात तसाच ठेवलाय. तुमची फाइल तिथे अडखळली तर ॲम्प्लिफायर उघडू नका.

ऐकायचं काय? ब्रश. 'माय फूलिश हार्ट'मध्ये मोशनचे ब्रश कातड्यावर घासतात तेव्हा तो एक सलग फवारा वाटला तर ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) किंवा फाइल यांपैकी काहीतरी गडबड आहे. तारांचा प्रत्येक फेरा सुटा यायला हवा, फेऱ्याच्या शेवटी किंचित जोर लागतो तोसुद्धा.

चौथी_तार (वाशी)

बासबद्दल मी लिहितो, कारण घरी सगळ्यात आधी तोच बिघडतो.

डबल बासच्या मोकळ्या तारा: ई ४१ हर्ट्झ, ए ५५, डी ७३, जी ९८. आता आपला हॉल घ्या, १८ फूट लांब, छत साडेनऊ फूट. लांबीमुळे उभ्या राहणाऱ्या लहरी (समोरासमोरच्या भिंतींत अडकून ठराविक स्वर फुगवणाऱ्या) ३१, ६२, ९४ हर्ट्झवर. उंचीची पहिली ५९वर. म्हणजे ५९ आणि ६२ अगदी शेजारी. ए तारेवरचे ए शार्प (५८) आणि बी (६२) हे दोन स्वर नेमके त्यात सापडतात. रीडेल वर-खाली चालत असतो आणि दर काही स्वरांनंतर एक स्वर 'ढूंम' करून फुगतो, बाकीचे मागे पडतात. बऱ्याच जणांना तो 'दमदार बास' वाटतो. तो बास नाही, तुमची स्लॅब आहे.

सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर ६२ हर्ट्झ पूर्ण जोरात मिळतो, कारण भिंतीपाशी दाब सर्वाधिक. कान भिंतीपासून ३ फूट पुढे आणा, त्या लहरीचा जोर निम्मा होतो, म्हणजे ६ डेसिबल कमी. २ फूट आणलात तर जेमतेम सव्वादोन डेसिबल. म्हणजे ३ फूट सरकवणार असाल तरच कष्ट घ्या. हॉलच्या बरोब्बर मध्ये बसू नका, तिथे ६२ परत पूर्ण जोरात असतो आणि ३१ गायब. हॉलच्या १० फूट रुंदीचा पहिला मोड (उभी लहर) ५६वर येतो, पण दोन्ही स्पीकर मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर आणि तुम्ही त्या रेषेवर असाल तर तो त्रास देत नाही. सोफ्याच्या एका टोकाला बसलेल्याला देतो. घरातल्या दोघांचं बासवरून एकमत होत नाही ते यामुळे.

नवखा_ऐरोली

साहेब, सोफा हलवणं शक्य नाही. समोर टीव्ही युनिट, मागे भिंत, मध्ये येण्याजाण्याची वाट. भिंतींना अंड्यांचे ट्रे किंवा तो टोकदार काळा फोम लावला तर चालेल का?

खारघर_टेकडी

ट्रे अजिबात नको. आवाजावर परिणाम नगण्य आणि झुरळांची सोय. एक इंची फोम फक्त वरचा पट्टा खातो. बास तसाच घुमत राहतो, टाळ्या आणि सिंबल मात्र मेलेल्या. लाइव्ह रेकॉर्डिंगला तर तो शत्रूच, कारण क्लबची हवा सगळी त्याच पट्ट्यात असते.

पॅनल करायचंच असेल तर असं करा. रॉकवूलची स्लॅब, घनता ४८ किलो प्रति घनमीटर, ५० मिमी जाडी, आकार साधारण २ × ४ फूट. दोन स्लॅब एकावर एक म्हणजे १०० मिमी. चौकट १२ मिमी प्लायची, पाठ मोकळी, पुढे मांजरपाट ताणून स्टेपल. मांजरपाटाला तोंड लावून फुंकर घाला, हवा सहज पलीकडे गेली पाहिजे. रेक्झिन किंवा जाड सोफ्याचं कापड लावलंत तर ते पॅनल आरशासारखं वागतं. भिंतीपासून आणखी ५० मिमी पोकळी ठेवा. कापताना मास्क, हातमोजे, लांब बाह्या. भरण्याआधी रॉकवूल पातळ न विणलेल्या कापडात गुंडाळा, नाहीतर पंख्याखाली तंतू उडतात. पावसाळ्यात बाहेरची भिंत घाम धरत असेल तर तिथे टांगू नका, मागून बुरशी येते.

असे चार लागतात: दोन बाजूच्या भिंतींवर, दोन कानामागे. बाजूची जागा आरशाने शोधा. एकाने भिंतीलगत आरसा सरकवत न्यायचा, दुसऱ्याने ऐकायच्या जागी बसून बघायचं. आरशात स्पीकर दिसला की तिथे पॅनल. पण नीट समजून घ्या, १०० मिमी जाडीचा उपयोग साधारण १५०-२०० हर्ट्झच्या वर. ६२ हर्ट्झवर शून्याच्या जवळपास.

मग ६२चं काय? सोफा हलत नसेल तर ईक्यू, म्हणजे ठराविक पट्ट्याचा आवाज कमी-जास्त करणं. यूमिक-१सारखा मोजणीचा माइक आणि आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, कानाच्या जागी माइक ठेवून २० ते ३०० हर्ट्झ स्वीप (खालून वर चढत जाणारा सूर) वाजवा. जो उंचवटा दिसेल तेवढाच कापा. साधारण ५-६ डेसिबल, क्यू (काप किती अरुंद ते ठरवणारा आकडा) ५च्या आसपास. आलेखातले खड्डे मात्र भरायला जाऊ नका. दोन लहरी एकमेकींना खोडतात तिथे कितीही ताकद ओता, तीही खोडली जाते, फक्त वूफर (खालच्या स्वरांचा स्पीकर) दमतो.

फरशीसाठी स्पीकर आणि सोफा यांच्यामध्ये ५ × ७ फुटांचा जाड गालिचा. हॉलच्या मध्यभागी एक टाळी वाजवून बघा, 'टर्रर्र' असा पाठलाग ऐकू आला तर समोरासमोरच्या भिंती चेंडू खेळतायत. एका भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट लावलं की बराच थांबतो. रेकॉर्डिंगमधल्या टाळ्या घरात पत्र्यावरच्या पावसासारख्या वाटतात तेव्हा दोष बहुधा याचाच.

पाचपाखाडीकर

@खारघर_टेकडी, एक नंबर. स्पीकरच्या जागेचं मी पुरं करतो. १० फूट रुंदीत दोघांमध्ये ६ फूट, बाजूच्या भिंतींपासून २-२ फूट. समोरच्या भिंतीपासून स्पीकरच्या पुढच्या फळीपर्यंतचं अंतर मोजा. २ फूट असेल तर भिंतीवरून परत आलेला आवाज १४० हर्ट्झच्या आसपास मूळ आवाज खोडतो, ३ फूट असेल तर ९४वर. १४०चा खड्डा पियानोच्या डाव्या हाताला आणि बासच्या अंगाला लागतो. इंच इंच हलवून बघा, ही एकच गोष्ट फुकट आहे.

आवाज किती ठेवायचा? पॉनशॉपमधले ग्लास ऐका. ते खऱ्या ग्लासपेक्षा मोठे वाटले तर आवाजाचं बटण खाली.

वागळे_इस्टेट

थोडा विरोधी सूर. पॉनशॉप ऐकून ऐकून कान किटले. साउंड उत्तम, पण वादन सभ्य, सुबक, कुठेही धोका नाही. ज्यांना आवाजापेक्षा जॅझ हवाय त्यांनी व्हॅनगार्डच घ्यावं. कोलनची पियानोवादक कीथ जॅरेटची मैफलही (२४ जानेवारी १९७५). तिथे हवा होता तो पियानो मिळाला नाही, लहान आणि खराब अवस्थेतला मिळाला, म्हणून जॅरेट मधल्या सप्तकांत जास्त रमतो. रेकॉर्डिंग मार्टिन वीलांडचं. त्या पियानोची वरची पट्टी कर्कश आहे ती तशीच ऐकू यायला हवी. ती गोड वाटली तर तुमची सिस्टीम खोटं बोलतेय.

टेपवेडी

वादन सभ्य आहे हे मान्य. पण 'लाइमहाउस ब्लूज' सभ्य नाही, ते पुन्हा ऐका :)

आणि 'लाइव्ह' लिहिलंय म्हणून सगळं लाइव्ह समजू नका. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाचं न्यूपोर्ट महोत्सवातलं १९५६चं रेकॉर्डिंग घ्या. सॅक्सवादक पॉल गोन्साल्वेसचे ते २७ आवर्तनांचे सोलो ७ जुलैच्या रात्रीचेच, पण तो कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या ऐवजी व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओच्या माइकमध्ये वाजवत होता, म्हणून कंपनीच्या टेपवर लांब ऐकू येतो. शिवाय मूळ एलपीतला बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून वर टाळ्या चढवलेल्या. १९९९च्या आवृत्तीत दोन्ही संस्थांच्या मोनो टेप जुळवून स्टीरिओ केलंय. घ्यायचं तर तेच घ्या.

'फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को' (तीन गिटारवादक, वॉरफिल्ड थिएटर, ५ डिसेंबर १९८०) यातही 'गार्डियन एंजल' स्टुडिओतलं आहे, खोलीचा वास बदलतो तो लगेच कळतो. ही तबकडी डावं-उजवं तपासायला सोपी: पाको दे लुसिया डावीकडे, मॅकलॉफलिन मध्ये, अल दि मेओला उजवीकडे. पाको बोटांनी वाजवतो, दि मेओला प्लेक्ट्रमने (तार छेडायच्या चकतीने). पाको उजवीकडून आला तर वायरी उलट.

कोपरी_पूल

फाइलवाल्यांसाठी.

लाइव्ह अल्बममध्ये टाळ्या एका ट्रॅकमधून दुसऱ्यात वाहतात. मध्ये अर्धा सेकंद शांतता पडली की मजा गेली. एमपी३ची चौकट ११५२ नमुन्यांची असते आणि एन्कोडर सुरुवातीला-शेवटी भर घालतो, त्यामुळे फट पडते. फ्लॅकमध्ये (काहीही न गाळणाऱ्या फाइल प्रकारात) ही भर नसते. तरीही फट पडत असेल तर दोष प्लेअरचा: टीव्हीतले डीएलएनए (घरच्या नेटवर्कवरून वाजवणारे) प्लेअर बहुतेक वेळा दर ट्रॅकला नवीन जोडणी करतात. कॉम्प्युटरवर फूबार हा प्लेअर घ्या. स्ट्रीमिंग ॲपमध्ये 'गॅपलेस' चालू, 'क्रॉसफेड' आणि 'आवाज समान करा' बंद.

९६ किलोहर्ट्झची फाइल विकत घेतलीत तर स्पेक या स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. आलेख २२ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखा थांबला तर ती सीडीच फुगवून विकलेली आहे. खऱ्या टेपची सुरसुर २२च्या पुढेही हळूहळू विरत जाते. १६वर कापलेला असेल तर मूळ १२८ केबीपीएसचं एमपी३.

जुन्या सीडी, विशेषतः ऐंशीच्या दशकातल्या जपानी, प्री-एम्फॅसिसवाल्या (वरची पट्टी मुद्दाम चढवून नोंदलेल्या) असू शकतात. सीडी प्लेअर तो चढ सीडीवरच्या खुणेवरून आपोआप उतरवतो, रिप केलेल्या (कॉम्प्युटरवर कॉपी केलेल्या) फाइलमध्ये तो तसाच राहतो. परिणाम: वरची पट्टी १० डेसिबलपर्यंत चढलेली, सिंबल काचेसारखे. लोक याला 'डिटेल' म्हणतात. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या रिप करायच्या सॉफ्टवेअरात ट्रॅकच्या यादीत प्री-एम्फॅसिसचा रकाना बघा. काही तबकड्यांवर ही खूण फक्त सबकोडमध्ये (आवाजासोबत नोंदलेल्या छुप्या माहितीत) असते, रकाना 'नाही' दाखवतो, तेव्हा तीच सीडी प्लेअरवर आणि फाइल अशी आलटून पालटून ऐका. उतरवायला सॉक्स या सॉफ्टवेअरमधला 'डीएम्फ' इफेक्ट, फाइल ४४.१ किलोहर्ट्झवर असतानाच, आणि जतन २४ बिटवर.

काटा_सुई (कळवा)

एलपीवाल्यांची बाजू कोणीच घेतली नाही, म्हणून थोडक्यात. व्हॅनगार्डच्या ४५ आरपीएमच्या दोन-तबकडी आवृत्त्या निघाल्यात. महाग पडतात, पण आतल्या वळणांवर ब्रशचा आवाज फाटत नाही, कारण सुईखालून सेकंदाला जास्त लांबीची खाच जाते.

आपल्याकडचा खरा प्रश्न खाडीची हवा. जून ते सप्टेंबर तबकडीवर पांढुरके ठिपके येतात, ती बुरशी. ती खाचेत बसली की टाळ्यांच्या मधल्या शांततेत चटचट. एक लिटर द्रावण: डिस्टिल्ड वॉटर ८०० मिली, आयसोप्रोपिल अल्कोहोल २०० मिली, ओलावा पसरवणाऱ्या द्रवाचे दोन-तीन थेंब. दुकानात मिळणारं बॅटरीचं पाणी बहुतेक डीआयोनाइज्ड असतं, तेही चालतं, नळाचं अजिबात नाही. मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने फिरवा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन उभं वाळवा. लेबल कोरडं ठेवा. ७८ आरपीएमच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना हे द्रावण चुकूनही लावू नका, अल्कोहोलने लाख विरघळते.

आतलं कागदी पाकीट फेका, प्लॅस्टिकचं अस्तर असलेलं घ्या. कपाट बाहेरच्या भिंतीला नको. तबकड्या उभ्या, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास. आर्द्रतामापक स्वस्त मिळतो, कपाटातच ठेवा.

नवखा_ऐरोली

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. सोफा शेवटी आडवा करतोय, कानामागे साडेतीन फूट मिळतात. एक शेवटचं विचारतो: शांत तुकड्यांत खालून 'हूं' असा आवाज येतो, बिल इव्हान्स लावलं की जास्त जाणवतो. दुकानदार म्हणतो पॉवर कंडिशनर (वीज 'स्वच्छ' करणारा डबा) घ्या.

कोपरी_पूल

घेण्याआधी पाच मिनिटं द्या. मोबाइलवर स्पेक्ट्रमचं ॲप टाका, फोन वूफरजवळ धरा आणि गाणं थांबवा. थांबवल्यावरही हूं येतच राहिला तर तो घरातला, आणि शिखर ५० किंवा १०० हर्ट्झवर दिसेल. गाण्याबरोबर थांबला आणि शिखर ६० किंवा १२०वर असेल तर तो अमेरिकेतल्या त्या रात्रीच्या विजेचा, टेपवरच नोंदलेला. त्याला कंडिशनर काय करणार? स्टॉकहोमची वीज आपल्यासारखीच ५०ची, तिथे ही युक्ती चालत नाही.

घरातला निघाला तर आधी सेट टॉप बॉक्सची केबल मागून काढा. दहातल्या आठ वेळा हूं तिथेच थांबतो, केबलवाल्याच्या वायरीचं आवरण आणि तुमचं अर्थिंग यांच्यात चक्र तयार झालेलं असतं. त्या केबलवर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (विजेची जोड तोडून फक्त सिग्नल जाऊ देणारा) लावा, किंमत कंडिशनरच्या पासंगालाही पुरत नाही. प्लगची तिसरी पिन काढून हूं थांबतो असं कोणी सांगेल. थांबतो खरा, पण ॲम्प्लिफायरच्या आत एखादी वायर सुटली तर पत्रा जिवंत होतो. ती पिन राहू दे. आयसोलेटर लावूनही थांबला नाही तर ॲम्प्लिफायर, डीएसी (डिजिटल फाइलचा सिग्नल आवाजात बदलणारं यंत्र) आणि टीव्ही कुठल्या कुठल्या बोर्डावर लावलेत ते इथे लिहा, पुढचं बघू.